जावयांनी घातलेले पत्ते

आमच्या आंब्याच्या बागेची वेबसाइट मी एकटीने केली होती. रत्नागिरीत क्लास लावून शिकले आणि सायबर कॅफेत बसून एकेक पान चढवलं. मामंजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, एकच ध्यास होता. निदान एका हंगामात तरी आंबा वाशीच्या दलालाकडे न जाता आमच्या बागेच्या नावाने परदेशी जावा. दुबईतले एक दुकानदार, मूळचे आमच्याकडच्या नाटे गावचे, तयार होत आले होते. म्हणाले, "आधी बाग नि पॅकिंग वेबसाइटवर बघतो, मग ठरवू."

तेवढ्यात पुण्याचे जावई, माझ्या नणंदेचे यजमान, मध्ये पडले. ते कॉम्प्युटरच्या कंपनीत. एका पानावरून दुसऱ्यावर जायला मी लिंकमध्ये नुसतं त्या पानाचं नाव लिहिलं होतं. "छे छे, असले अर्धवट पत्ते! लिंक कशी पूर्ण पत्त्यानिशी हवी," म्हणत ते सगळी साइट पुण्याला घेऊन गेले. अहो, माजघरातून स्वयंपाकघरात जायला कोणी पिनकोड सांगतं का? पण सासूबाईंनी डोळे वटारले. "जावई माणूस आहे गो. उलट बोलू नको."

आठवड्याने साइट परत चढली. लगेच दुबईहून फोन, "पहिल्या पानापुढे काहीच उघडत नाही." मी कॅफेत धावले. बघते तर काय, प्रत्येक लिंकमध्ये या शहाण्यांनी स्वतःच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरचा पूर्ण पत्ता घातलेला! त्या ऑफिसाबाहेर तो कोणाला सापडणार? माझ्या अंगाचा तिळपापड झाला. एसटीडीवरून फोन लावला तर म्हणतात कसे, "इकडे तर सगळं मस्त उघडतंय. तुमचंच नेट स्लो असेल, वहिनी."

मस्त उघडतंय म्हणे! ते लांबलचक पत्ते खरवडून काढून मी माझी साधी नावं परत लिहिली. पण तोवर दुबईकरांनी दुसऱ्या बागेशी बोलणं पक्कं केलं होतं. पेट्या वाशीच्या ट्रकमध्ये चढत होत्या तेव्हा मामंजी पडवीतच बसून राहिले. मला ते बघवेना.

मे महिन्यात जावई सहकुटुंब आले. सासूबाईंनी अढीतले निवडक हापूस त्यांच्यापुढे कापून ठेवले. फोड तोंडात घालत त्यांनी विचारलं, "मामा, दुबईचं काय झालं हो?"

मामंजींनी जावयाला कधी शब्दाने दुखवलं नव्हतं. "जावईबापू," ते म्हणाले, "बाग फक्त तुमच्या ऑफिसात दिसत होती. तिथे कोणी आंबे घेणारं होतं का?"

या वेळी सासूबाईंनी कोणालाच गप्प केलं नाही.