न थांबणारी अकरा मिनिटं

शालिनीवहिनीचा फोन आला तेव्हा सकाळचे सव्वानऊ झाले होते आणि मी कॉलेजच्या ऑफिसात प्रवेशअर्जांचे गठ्ठे लावत होते. "ताई, ते गेले. झोपेतच," एवढंच ती म्हणाली. मी हातातला गठ्ठा पूर्ण केला, त्याला रबर लावलं, शेजारच्या टेबलावर सांगितलं आणि ठाण्याहून थेट डोंबिवलीची रिक्षा केली. वाटेत रडू आलं नाही. भावकीत कोणाला कळवायचं, कोणाला कोण आणेल, याची यादी डोक्यात चालू होती. मी अशीच आहे, आणि सुरेशदादाला ते माहीत होतं. त्याला जाऊन आता सहा आठवडे झाले. भेटायला येणारी माणसं अजून त्याच्या दुकानाबद्दल बोलतात. मला मात्र त्याच्या पायांबद्दल लिहायचं आहे, पण ते दुकान सांगितल्याशिवाय कळणार नाही.

दादा माझ्याहून आठ वर्षांनी मोठा. आमचं गाव मानपाड्याजवळ. शेती होती, मग ती कारखान्यांकडे गेली, आणि घरातल्या पहिल्या मुलाने नोकरी करावी असं वडिलांना वाटत असताना दादाने डोंबिवली स्टेशनजवळ एका जिन्याखाली कॅसेट भरून देण्याचं दुकान टाकलं. गिऱ्हाइकाने गाण्यांची यादी आणायची, दादाने ती कोऱ्या कॅसेटवर उतरवून द्यायची. कायद्याच्या दृष्टीने तो धंदा स्वच्छ नव्हता, हे मी तेव्हाही त्याला सुनवायचे. तो म्हणायचा, "कुंदे, शिकून मोठी हो आणि मला अटक कर." भावगीतं, भक्तिगीतं तो यादीबरहुकूम भरायचा, पण डिस्कोच्या कॅसेटवर यादी चालायची नाही. गाणी गिऱ्हाइकाची, क्रम दादाचा. मनगटावरचं घड्याळ समोर ठेवून तो प्रत्येक गाण्याचे पंधरा सेकंदांत किती ठोके पडतात ते मोजायचा आणि आकडा चिठ्ठीवर पेन्सिलीने लिहायचा. एका आकड्याच्या गाण्याला त्याच किंवा एकाने जास्त आकड्याचं गाणं जोडायचं. दोन डेक, एक अंगठा बटणावर, आणि जोड अशी बसायची की नाचणाऱ्याला गाणं बदललेलं पायात कळत नसे, फक्त कानात कळे. आजूबाजूच्या पाच-सहा गावांतल्या हळदींना त्याच्याच कॅसेट वाजायच्या. मला त्यात फार काही दिसलं नाही. सगळी गाणी सारखीच वाटायची. तसं मी एकदा म्हटलंही. "सारखी आहेत म्हणूनच तर," तो म्हणाला आणि पुढची चिठ्ठी लिहायला लागला.

कॅसेट संपल्या, दुकान गेलं, दादाने मोबाइलच्या दुकानात नोकरी केली आणि निवृत्त झाला. उरलेल्या तीनेकशे कॅसेट त्याच्या पलंगाखाली खोक्यांत होत्या. त्याची बिल्डिंग पुनर्विकासाला गेली तेव्हा सामान हलवायला मी गेले होते. खोकी ओली झाली होती, काही फितींना बुरशी आली होती. मी ती सगळी भंगारवाल्याला दिली. दादाला विचारलं नाही. "आता सगळं फोनवर मिळतं," असं मी नंतर सांगितलं. तो "बरं" म्हणाला. त्या वेळी मला ते बरंच वाटलं.

पुढच्याच वर्षी कंपवाताचं निदान झालं. हाताचा कंप लोकांना दिसतो, पण खरा त्रास पायांचा होता. चालता चालता, विशेषतः उंबऱ्यात, त्याचे पाय जमिनीला चिकटायचे. डोकं सांगतंय चल, आणि पाय ऐकत नाहीत. आपण ओढलं तर माणूस पडतो. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी फोनवर टकटक आवाज लावून त्या तालावर पाऊल टाकायला सांगितलं होतं. दादा दोन दिवसांत कंटाळला. "मला काय घड्याळात बसवलंय?" असं म्हणून त्याने ते बंद केलं. मग एका रविवारी दुपारी त्याची मुलगी पूर्वा स्वयंपाकघरात भांडी लावताना फोनवर जुन्या डिस्को गाण्यांचा एक संच ऐकत होती. दादा आतल्या खोलीत खुर्चीवर होता. थोड्या वेळाने तो स्वयंपाकघराच्या दारात उभा. "बेस किती कमी ठेवलाय, वाढव जरा," त्याने तिला सांगितलं. पूर्वाच्या हातातलं ताट तसंच राहिलं. दोन उंबरे ओलांडून तो एकटा आला होता, तक्रार करायला.

तेव्हापासून तो डिस्कोवर चालू लागला. त्याचं म्हणणं असं की नवीन गाणी पहिला मिनिटभर नुसतं वातावरण तयार करतात, तोवर माणूस पडेल. हळदीतल्या बँजो पार्टीचा ताल मनाला येईल तसा पळतो. "डिस्कोत ढोल कधी रुसून बसत नाही. वर गायिका रडो, व्हायोलिनं काहीही करोत, खाली तो आपला चार-चार मोजत बसलेला. पायाला एवढंच लागतं." मला उत्साह आला. मी फोनवर साठ गाण्यांची यादी करून दिली आणि माझं काम चोख झालं असं समजले. गाणी सुटी होती. दोन गाण्यांच्या मध्ये शांतता, आणि कधीकधी जाहिरात. एका सकाळी दादा पॅसेजमधून येत असताना गाणं संपलं आणि गादीची जाहिरात सुरू झाली. एक पाऊल पुढे, एक मागे, असा तो थांबला... आणि पडला. मनगट मोडलं. प्लास्टर घातलेला हात मांडीवर ठेवून तो मला म्हणाला, "गाणी बरोबर होती गं. जोड नव्हती." त्याने खोक्यांचा विषय काढला नाही. काढला असता तर मला सोपं गेलं असतं.

त्या पडण्यानंतर तो खुर्चीला धरून राहिला. चार महिन्यांनी पूर्वाचं लग्न होतं. आमच्यात हळद मोठी. गावच्या मैदानात मांडव, हजारभर माणूस, आणि मुलीला बापाने चौरंगाजवळ जाऊन हळद लावायची. वहिनी म्हणाली, चाकाच्या खुर्चीवरून नेऊ. दादा म्हणाला, "मी खुर्चीवरून हळद लावणार नाही. चालत जमलं तर जाईन, नाहीतर घरी बसेन. माझ्या वाटणीची तू लाव." तो कधी हट्ट करणारा माणूस नव्हता. मी म्हटलं, "किती पावलं आहेत ते आधी मोजू." गावात जाऊन मांडव पडायची जागा बघितली. फाटकापासून चौरंगापर्यंत माझी चौसष्ट पावलं. दादाच्या चालीने सहा मिनिटं. मध्ये माणसं पाया पडणार, हात धरणार. तो म्हणाला, "अकरा धर."

मग आम्ही तिघांनी कॅसेट भरली. म्हणजे पूर्वाच्या लॅपटॉपवर गाणी जोडली, पण दादा त्याला कॅसेट भरणंच म्हणायचा. जुन्या चिठ्ठ्या खोक्यांबरोबर गेल्या होत्या, काही आकडे त्याच्या डोक्यात होते, बाकीचे पुन्हा मोजायचे होते. कंप असलेल्या हाताने मोजता येईना म्हणून त्याने मला मोजायला शिकवलं. पन्नाशी उलटल्यावर मी पंधरा सेकंदांत ठोके मोजत बसले. "कुंदे, तू गाणं ऐकतेयस. ऐकू नको, मोज." "अरे, कानात जातंच ना ते." "जाऊ दे. कॉलेजात नाही का, मुलं काय बोलतात ते न ऐकता फॉर्म घेतेस." पूर्वा हसून लोळायची बाकी होती. दोन गाण्यांमधल्या एका जोडणीला आम्ही दोन रविवार घालवले. मला ती पहिल्यांदाच ठीक वाटली होती. दादा डोळे मिटून सांगायचा, "दोन ठोके आधी... नाही, आता उंबरा आला." उंबरा हा त्याचा शब्द. जोड चुकली की मध्ये उंबरा येतो. तेव्हा मला त्याचं दुकान कळलं. एकेक गाणं चांगलं असणं वेगळं, आणि नाचणाऱ्याला पाय उचलू का नको हा प्रश्नच पडू न देणं वेगळं. लोक हे जुने संच अजून का लावतात, याचं उत्तर मला तरी एवढंच सापडलं आहे. ते विचारत नाहीत, नेतात. बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये रोज संध्याकाळी आम्ही सराव केला. वॉचमन आधी बघायचा, मग तोही पाय हलवायला लागला.

सगळं ठरलं आणि एक गोष्ट मी विसरले. आमच्याकडच्या हळदीत निवेदक असतो. कोणी पाहुणा फाटकाशी दिसला की तो गाणं थांबवतो, माइकवर त्याचं नाव, पद, गाव घेतो, स्वागत करतो, मग गाणं पुन्हा सुरू. अर्ध्या तासात वीस वेळा. नाव घेतलं नाही तर माणूस वर्षभर बोलत नाही. गावातला बाळाराम हे काम करतो, आवाज खणखणीत. हे माझ्या लक्षात आलं तेव्हा दादा फाटकाशी येऊन उभा होता. मी जवळजवळ धावत मंचाकडे गेले. "बाळाराम, आता अकरा मिनिटं कोणाचंही नाव घ्यायचं नाही." तो म्हणाला, "आत्या, असा कसा? नगरसेवक येतात. नाव नाय घेतला त मना धरतील." "तुला धरू दे. गाणं थांबलं तर दादा पडेल." आमचं गाणं सुरू झालं. दादाने उजवा पाय उचलला. दहाव्या-बाराव्या पावलाला नगरसेवक खरंच आले, मागे सात-आठ माणसं. बाळारामचा हात सवयीने बटणाकडे गेला. मी माइक काढून घेतला आणि पदराखाली धरून चौरंगाजवळ जाऊन उभी राहिले. नगरसेवक फाटकात थांबून नावाची वाट बघत राहिले. दादा पुढे चालत राहिला. जोडणीच्या दोन जागा गेल्या, त्याच्या पायाला कळल्या नाहीत. चौरंगाशी पोहोचून त्याने हळदीत बोटं बुडवली, पूर्वाच्या दोन्ही गालांना लावली, आणि वाटीतली उरलेली माझ्या नाकाला. "कुंदे, माइक दे आता त्याला. बिचारा घाबरलाय." अजून चार मिनिटं उरली होती. तेवढ्यात म्हाताऱ्या बायका उठल्या, त्यांना ती गाणी तरुणपणापासून पायात होती. नगरसेवक शेवटी नाव पुकारलं न जाताच आत आले आणि नाचले.

त्यानंतर दादा आठ महिने होता. बऱ्याचदा चालला, शेवटी नाही चालला. त्या कॅसेट मी दिल्या, ते मनगट माझ्यामुळे मोडलं, हे मी कबूल करून ठेवलं आहे. त्याला तोंडावर सांगितलं होतं. तो म्हणाला होता, "बुरशी आली होती गं त्यांना, मी बघितलं होतं." खरं की माझ्यासाठी म्हणाला, माहीत नाही.

परवा संध्याकाळी बाळारामचा फोन आला. टिटवाळ्याच्या बाजूला एका हळदीला होता, मागे माणसांचा गलका. आता त्या भागातली माणसं पूर्वाच्या हळदीतलं ते अकरा मिनिटांचं गाणं मागतात, आणि ते सुरू असताना मध्ये कोणाचं नाव घ्यायचं नाही असं आपोआप ठरून गेलं आहे म्हणाला. आमदार आले तरी नाही. "आत्या, आज मधी काकांचा नाव घेऊ का? गाना जरा थांबवून दोन शब्द बोलतो, मानसांना पन कलंल कोनाचा हाय ता."

मी म्हटलं, "आता काय चालू आहे?"

"तुमचाच. आताच चालू केला. म्हातारी मंडली उठली पन."

"मग थांबवू नकोस," मी म्हटलं.