खिडकीतली डोकी

डेपोत त्यांना सगळे चौकशीकाका म्हणायचे. बस चालवायची ती नाकासमोर बघून, पण काकांच्या डोक्यात सतत कसला ना कसला किडा वळवळत असे. एखाद्या दुकानाची पाटी बदलली, कुणाच्या गॅलरीला नवी जाळी लागली, की त्यामागचं कारण कळेपर्यंत त्यांना जेवण गोड लागत नसे.

एक कोडं मात्र नोकरीभर सुटलं नव्हतं. त्यांच्या रस्त्यावर, जुन्या गोदामाच्या थांब्याला लागून, मुलामुलींची एक बॅले शाळा होती. तळमजल्यावरच. खिडक्यांच्या खालच्या काचा दुधी, वरच्या साध्या. रस्त्यावरून जाणाऱ्याला आतलं काहीच दिसत नसे. पण काकांची सीट उंच, त्यामुळे त्यांना दिसायची नुसती डोकी. केसांचे घट्ट अंबाडे घातलेली, ओळीत, सावकाश खाली जाणारी आणि तितक्याच सावकाश वर येणारी. पुढचं काही दिसायच्या आत कंडक्टर घंटी मारायचा.

"आत करतात तरी काय रे ही पोरं?" काका विचारायचे.

"कपडे धुवायला शिकवत असतील," कंडक्टर म्हणायचा. "बुडवायचे, काढायचे, बुडवायचे, काढायचे."

संध्याकाळी त्याच मुली पाठीला पिशव्या लावून बसमध्ये चढायच्या, तेव्हा त्यांची पावलं बदकासारखी बाहेर वळलेली असायची. काकांचं कुतूहल आणखीच वाढायचं. पण चालत्या बसच्या ड्रायव्हरशी बोलू नये, हा नियम ड्रायव्हरलाही लागू होताच की.

मग काका निवृत्त झाले. क्लच दाबून दाबून डावा गुडघा कुरकुरायला लागला होता. डॉक्टर म्हणाले, हालचाल ठेवा. काकांनी हालचाल ठेवली ती खुर्चीपासून गॅलरीपर्यंत आणि गॅलरीपासून खुर्चीपर्यंत. शेवटी काकूंच्या सहनशक्तीचा अंत झाला.

"अहो, मी भाजीत मीठ किती घालते हेसुद्धा आता तुम्ही विचारायला लागलात. जा बघू कुठेतरी बाहेर."

काका बाहेर पडले, सवयीने आपल्याच जुन्या बसमध्ये बसले आणि गोदामाच्या थांब्यावर आयुष्यात पहिल्यांदा खाली उतरले. शाळेच्या दारावर पाटी होती: सकाळच्या वेळी हॉल मोकळा असतो, शनिवारी वयस्क मंडळींसाठी वर्ग, कुणीही यावं. नेमका शनिवारच होता. काकांनी क्षणभर आजूबाजूला ओळखीचं कुणी नाही ना ते पाहिलं आणि आत शिरले.

आत एक लांबलचक खोली. एका भिंतीला आरसे, दुसऱ्या भिंतीला कमरेइतक्या उंचीवर लाकडी दांडा, कोपऱ्यात पियानो. शिकवणाऱ्या बाईंची मान इतकी लांब आणि ताठ होती, की मुलांनी त्यांचं नाव सुरई ठेवलं होतं आणि ते बाईंनाही ठाऊक होतं. दांड्याला धरून सात-आठ म्हातारी माणसं उभी होती. प्रत्येकाच्या शेजारी शाळेतला एकेक मोठा विद्यार्थी. पियानो सुरू झाला आणि सगळ्यांनी टाचा जमिनीला टेकवून गुडघे बाहेरच्या बाजूला वाकवले. डोकी सावकाश खाली गेली. सावकाश वर आली.

"आत्ता कळलं!" काका एवढ्या मोठ्यांदा म्हणाले, की पियानो थांबला.

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, मग दांड्याजवळच्या एका स्टुलाकडे बोट केलं. "या. तिच्या शेजारी उभे राहा."

स्टुलावर एक मुलगी एरंडेल प्यायल्यासारखा चेहरा करून बसली होती. पंधरा-सोळा वर्षांची असेल. शाळेत तिला भिंगरी म्हणत, कारण तिच्यासारखी गिरकी कुणालाच जमत नसे. पण पावलातल्या एका बारीक हाडाला चीर गेली होती. उड्या बंद, गिरक्या बंद. वार्षिक कार्यक्रमातली मुख्य भूमिका दुसरीला दिली गेली होती आणि हिला बसवलं होतं आजी-आजोबांच्या शेजारी.

"हे गुडघे वाकवायचं कशासाठी?" काकांनी विचारलं.

"याला प्लिए म्हणतात."

"नाव नाही विचारलं. कशासाठी ते विचारलं."

"प्रत्येक उडीच्या आधी करावं लागतं. आणि नंतरही."

"नंतर का?"

लहानपणापासून भिंगरी हे रोज करत आली होती. 'का' हे तिला कुणी विचारलं नव्हतं आणि तिनेही कुणाला विचारलं नव्हतं. "थांबा," असं म्हणून ती लंगडत बाईंकडे गेली, आणि परत आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावरचं एरंडेल थोडं उतरलं होतं. "खाली येताना सगळं वजन एकदम हाडावर आदळू नये म्हणून. स्नायूंनी ते झेलायचं असतं."

"म्हणजे तू नीट झेललं नाहीस?"

तिच्या लंगडणाऱ्या पावलाकडे बघत प्रश्न काकांच्या तोंडून सवयीने निसटला, आणि निसटताच त्यांनी जीभ चावली. पोरीचे डोळे भरून आले. काकांनी खिशातला रुमाल तिच्यापुढे धरला. डोळे पुसत ती म्हणाली, "दमले होते तरी उड्या मारत होते. बाईंना सांगितलं नव्हतं."

"मीही डोळे जड झाले असताना बस चालवलीय कधीकधी," काका म्हणाले. "सांगायची लाज वाटते."

त्यानंतर काकांचा एकही शनिवार चुकला नाही. ते प्रश्नांची पोतडी घेऊनच यायचे. आरसे कशाला? पियानो कशाला, टेप का नाही? आणि सगळ्यात मोठा प्रश्न: गिरकी घेताना चक्कर कशी येत नाही?

"नजर एका जागी रोवायची," भिंगरीने सांगितलं. "अंग आधी वळतं, डोकं मागे राहतं. मग डोकं झटकन फिरून परत त्याच जागेवर."

काकांनी घरी येऊन फ्रिजवरच्या चुंबकावर नजर रोवली आणि गिरकी घेतली. आधी स्टीलचा डबा पडला, मागोमाग काका खुर्चीत पडले. काकू हातात उलथनं घेऊन धावत आल्या.

"काय झालं?"

"डोकं वेळेवर परत आलं नाही."

"ते कधी येतं?" काकू म्हणाल्या, पण हसू आवरेना म्हणून त्या जमिनीवरच बसल्या.

थंडी सरता सरता बाईंनी जाहीर केलं, की यंदाच्या कार्यक्रमात एक बाजाराचा प्रसंग आहे आणि त्या गर्दीत शनिवारची मंडळी असतील. काकांनी भिंगरीच्या हातात हात घालून रंगमंच ओलांडायचा, मध्यावर एक प्लिए करायचा आणि पलीकडे निघून जायचं. भिंगरीने नाक मुरडलं. इतकी वर्षं मेहनत केली ती नुसतं चालत जायला? पण हाड अजून कच्चं होतं आणि घरी बसून राहण्यापेक्षा हे बरं, असं म्हणून ती तयार झाली. काकांनी डेपोत कुणाला सांगायचं नाही असं काकूंना बजावलं. त्यामुळे आठवड्याच्या आत डेपोतल्या सगळ्यांना कळलं.

कार्यक्रमाच्या दिवशी सभागृह गच्च भरलं. पडद्याच्या कडेला उभं राहून काकांनी बाहेर डोकावलं, आणि त्यांच्या पाचावर धारण बसली. जन्मभर माणसं त्यांच्या पाठीमागे बसली होती. समोर बसून त्यांच्याकडेच बघणारी इतकी माणसं त्यांनी कधी पाहिली नव्हती.

"मला नाही जमायचं, पोरी."

"मलाही," भिंगरी म्हणाली.

काकांनी चमकून पाहिलं. ती एकाच पायावर भार देऊन उभी होती. भीती बाजूला राहिली आणि त्यांच्यातला चौकशीकाका जागा झाला. "तुला काय झालं? पाय दुखतोय?"

"दुखत नाहीये. दुखेल असं वाटतंय. पाऊल टाकलं आणि परत मोडलं तर?"

"मग सावकाश जाऊ. आपल्याला कुठे उशीर झालाय?"

संगीत बदललं. दोघं उजेडात आली. भिंगरीचं पहिलं पाऊल चाचरत पडलं, दुसरं बरं पडलं, आणि नंतर ती चालायला लागली ती अशी, की नुसतं चालणंही बघत राहावं. मध्यावर काकांनी टाचा टेकवल्या, पाठ ताठ केली आणि गुडघे वाकवले. नेमकं तेव्हाच संगीत क्षणभर थांबलं होतं. त्या शांततेत डावा गुडघा वाळक्या काटकीसारखा कडाडला. शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेला.

सभागृहात हशा पिकला. काका एक क्षण गोंधळले. मग त्यांनी गुडघ्याला हात लावून पाहिला, शाबूत आहे याची खात्री केली आणि प्रेक्षकांना मान डोलावून सांगितलं, की आहे जागेवर. भिंगरीला हसू आवरेना. तसंच हसत तिने त्यांना पलीकडे नेलं. मागच्या बाकांवरून कंडक्टरने एवढी जोरात शिट्टी मारली, की बाई दचकल्या.

दुसऱ्या दिवशी डेपोतले दोन ड्रायव्हर काकांच्या दारात उभे. आढेवेढे घेत एकजण म्हणाला, "आमच्या कमरेचंही काही होतं का तिथे?" मग मेकॅनिक आला. मग तिकीट खिडकीवरची बाई आली, तिची मान अवघडलेली असायची. गोदामाच्या थांब्यापर्यंत यायला साऱ्यांना जमेना, तेव्हा सुरई बाईच म्हणाल्या, आपण डेपोत जाऊ. आता पाळी बदलायच्या वेळी बस धुण्याच्या शेडमध्ये वर्ग भरतो. दांड्याऐवजी सगळे लोखंडी कठड्याला धरतात.

भिंगरीचं हाड जुळलं. ती पुन्हा उड्या मारते, पण दमली की थांबते आणि तसं सांगते. पुढे नाचायचं की हाडांचा अभ्यास करायचा, हे तिचं अजून ठरलेलं नाही. शेडमधला वर्ग तीच घेते आणि खाकी कपड्यातल्या धिप्पाड माणसांना "टाचा खाली! टाचा!" असं दरडावते.

परवा वर्ग संपल्यावर काकांनी तिला गाठलं. "पोरी, पायाच्या अंगठ्यांवर उभं राहता ना तुम्ही, तेव्हा बाकीची बोटं काय करत असतात?"

"आजोबा, बसा," ती म्हणाली आणि बूट काढायला लागली. "दाखवते."