गाडी जॅकवर चढली की

आमच्या दुकानात किस्से जमतात, त्याचं कारण अगदी साधं आहे. माणूस टायर बदलायला येतो, आम्ही गाडी जॅकवर चढवतो, चाकं काढून घेतो, आणि मग त्याला कुठे जाता येत नाही. हडपसरच्या मोठ्या रस्त्यावर दुकान, आजूबाजूला पाय मोकळे करावेत अशी जागा नाही. प्लास्टिकच्या खुर्चीत बसून तो जरा वेळ मोबाइल बघतो. मग माझ्याशी बोलायला लागतो.

मी काउंटर सांभाळते. टायर बसवणं, अलाइनमेंट, बॅलन्सिंग हे सगळं सुनील बघतो. सुनील म्हणजे माझा नवरा. आमच्याकडे जास्त करून मोठ्या एसयूव्ही येतात, अख्खं कुटुंब मावेल अशा. लग्न होऊन आले तेव्हा मला वाटायचं, एवढ्या धिप्पाड गाडीत बसणारा माणूस कशाला कुणाला घाबरेल? आता माहीत आहे. टायर कुणी हौसेने बदलत नाही. काहीतरी झालेलं असतं. कसलातरी आवाज आलेला असतो, गाडी पाण्यावरून घसरलेली असते, नाहीतर शेजाऱ्यांचं काही कानावर आलेलं असतं. माणूस आधी टायरची चौकशी करतो. काय झालं ते दुसऱ्या चहाला सांगतो.

*

सदाशिव पेठेतले एक काका आले होते, सोबत काकू. मुलाने परदेशातून आईवडिलांसाठी भली मोठी गाडी घेऊन दिलेली. पेठेतल्या गल्लीत ती धड वळायची नाही, त्यामुळे वर्षातले बहुतेक दिवस कव्हर घालून पार्किंगमध्ये उभी. टायरची नक्षी नव्यासारखी होती. सुनीलने टायरच्या कडेला पडलेल्या बारीक चिरा दाखवल्या. गाडी उभी असली तरी रबर कडक होतं, मग रस्ता धरत नाही, चारही बदला, असं सांगितलं. काकांना पटेना.

"अहो, जे वापरलंच नाही ते खराब होईल कसं? वय झालं म्हणून बदलायचं असेल तर मग माझं काय? हिने आजवर बदला म्हटलेलं नाही."

काकू पेपर वाचत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "विचारलं होतंत का कधी?"

काका हसले नाहीत. काकू हात धुवायला मागे गेल्या तेव्हा खुर्ची माझ्याजवळ ओढून हळूच म्हणाले, गेल्या आठवड्यात आम्ही वाईला गेलो होतो. पाऊस भुरभुरत होता. खंबाटकी उतरताना मी ब्रेक दाबला आणि गाडी थांबेचना. पुढच्या ट्रकच्या पाठीवरची अक्षरं मोठी मोठी होत गेली. हातभर अंतरावर थांबली कशीबशी. ही शेजारी झोपली होती, नशीब. तिला यातलं काही कळू देऊ नका.

चारही टायर बदलले. काका गाडी बाहेर काढत होते तेव्हा काकू काउंटरपाशी आल्या. म्हणाल्या, "खंबाटकीला मी जागी होते. त्यांना सांगू नका."

*

फुरसुंगीचे आबा सुनीलचे जुने ओळखीचे. घरची शेती, त्यातली काही आता इमारतींखाली गेलेली, आणि दारात काळी एसयूव्ही. तिला कंपनीने दिलेले टायर त्यांना बारके वाटायचे.

"सुनीलशेठ, टायर आसं टाका की गाडी आली म्हनल्यावर मान्सांनी बाजूला झालं पायजे."

सुनीलने समजावलं की या मापापेक्षा मोठा टायर घातला तर स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर आत घासेल. आबांनी ऐकल्यासारखं केलं आणि पाहिजे तेच बसवून नेलं. गाडी दिसायला खरंच जबरदस्त दिसत होती.

रविवारी आबा घरच्यांना घेऊन सासवडला निघाले. दिवेघाटातल्या पहिल्या मोठ्या वळणावर गाडीखालून आवाज आला. कुणीतरी फरफटत चाललंय आणि नखांनी पत्रा धरायला बघतंय, असा. आबांनी जागीच गाडी थांबवली. खाली उतरले, पण वाकून बघायची हिंमत होईना. शेवटी त्यांच्या मंडळींनी पदर खोचून बघितलं. काही नव्हतं. पुढच्या वळणावर पुन्हा तोच आवाज. आबांनी गाडी कडेला लावली, किल्ली काढली आणि सगळ्यांना घेऊन एका टेम्पोतून खाली आले ते थेट आमच्याकडे. चेहरा पांढराफटक.

"वहिनी," मला म्हणाले, "गाडीखाली कुनीतरी हाय."

सुनील घाटात जाऊन गाडी घेऊन आला. दुकानासमोर आबांनाच आत बसवलं, स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी पुढे घ्यायला लावली. आवाज आला. मग चाकाच्या वरचं आतलं प्लास्टिक दाखवलं, टायरने खरवडून त्याची चाळण केली होती. आबांनी ते बराच वेळ बघितलं. त्याच दिवशी कंपनीच्या मापाचे टायर परत बसले.

आबा अजून येतात. रॅकवर कुठलाही नवा टायर दिसला की त्यावर थाप मारून विचारतात, "ह्ये गप ऱ्हातंय का?"

*

एका आयटीवाल्या जोडप्यात नवरा रिसर्च करायचा. त्यांच्या गाडीला टायर हवे होते, हे तो मला पावसाळ्याआधीपासून फोनवर सांगत होता. रोज नवीन प्रश्न. हायवेचा चांगला की खडबडीत रस्त्याचा, आवाज कुठल्याचा कमी, ओल्या रस्त्यावर कुठला लवकर थांबतो. प्रश्न शहाण्यासारखे होते, मी उत्तरं द्यायचे. आधी गाडी तरी दाखवून जा, एवढं मी दर वेळी म्हणायचे. तो म्हणायचा, शॉर्टलिस्ट झाली की येतो.

गाडी रोज चालवायची त्याची बायको. एका सकाळी ती एकटीच आली. स्टिअरिंग जरा थरथरतंय, बघता का, म्हणाली. गाडी वर घेतली आणि सुनीलने मला हाक मारली. तो अशी हाक सहसा मारत नाही. पुढचा डावा टायर बाहेरून ठीक दिसत होता, पण आतल्या कडेला रबर संपून तार बाहेर आली होती. तारेची टोकं गंजलेली. म्हणजे आज-कालची गोष्ट नव्हती.

तिने वाकून बघितलं. मग तिथेच, ऑइलच्या डागांवर, चांगल्या कपड्यांनिशी खाली बसली.

"काल याच गाडीतून मुलांना लोणावळ्याला नेलं होतं," ती म्हणाली. "एक्स्प्रेसवेने."

मी पाणी दिलं. ग्लासही मीच धरला. थोड्या वेळाने ती उठली आणि सुनीलला म्हणाली, या गाडीला जो योग्य असेल तो बसवा, चारही. काम चालू असताना नवऱ्याचा फोन आला. तिने सगळं सांगितलं. मग त्याने काहीतरी विचारलं.

"कुठले म्हणजे?" ती म्हणाली. "काळे."

*

टायर रिमवर चढवून हवा भरताना त्याची कड एकदम जागेवर बसते, तेव्हा मोठा आवाज होतो. बंदुकीसारखा. आम्हाला सवय आहे, गिऱ्हाइकं दचकतात आणि हसतात.

एक निवृत्त सुभेदार बसले होते. उंच, ताठ, मिशा पांढऱ्या. गाडीबद्दल मोजकंच बोलले. पहिल्या टायरचा आवाज झाला आणि मी बघते तर खुर्ची रिकामी. ते जमिनीवर पालथे होते, दोन्ही हात डोक्यावर.

रस्त्यावरच्या बसचा आवाज तेवढा येत होता. ते सावकाश उठले, शर्ट झटकला, खुर्ची सरळ केली आणि पुन्हा बसले. माझ्याकडे बघितलं नाही. मीही बिलबुकात डोकं घातलं.

सुनील हवेची नळी खाली ठेवून त्यांच्यासमोर येऊन उभा राहिला. म्हणाला, "साहेब, अजून तीन आहेत. प्रत्येक वेळी आधी सांगतो."

आणि त्याने सांगितलं. तिन्ही वेळा हात वर करून, त्यांनी मान हलवेपर्यंत थांबून.

*

शेवटचं शुभांगीताईंचं. त्या पहिल्यांदा आल्या त्या टेम्पोतून, आणि सोबत फक्त एक फुटका टायर. दुपारची वेळ होती. मी बसा म्हटलं तर बसल्या नाहीत. टायरमधलं कळणारं कोण आहे, एवढंच विचारलं.

सुनील आला. त्यांनी उभ्या उभ्या सांगितलं. त्यांचे यजमान महेशराव आणि धाकटे दीर नागपूरकडे निघाले होते. तो सिमेंटचा सरळसोट रस्ता, भर दुपार. महेशराव चालवत होते. गाडी दुभाजकावर गेली आणि उलटली. दीर शेजारच्या सीटवर होते, ते गेले. महेशराव हात मोडून घरी आले. टायर फुटल्याने अपघात, असंच सगळ्यांनी धरलं. त्यांना कुणी एका शब्दाने बोललं नाही. पण ते स्वतःच म्हणत होते की माझा डोळा लागला असणार. आवाजाच्या आधीचं त्यांना काही आठवत नव्हतं. जाऊबाई आणि त्यांची दोन मुलं त्याच घरात. महेशराव त्यांच्यासमोर जेवायला बसत नव्हते. गाडी सोडाच, स्कूटरलाही हात लावत नव्हते.

"मला एवढंच सांगा," शुभांगीताई म्हणाल्या. "टायर आधी फुटला आणि मग गाडी गेली, का गाडी आदळली आणि मग टायर फुटला?"

सुनीलने टायर उजेडात नेला. उकिडवा बसून आतून हात फिरवला, फाटलेल्या कडा बोटांनी उघडून बघितल्या, मग टायर उलटा करून पुन्हा तेच. एरवी तो टायर बघताना काहीतरी पुटपुटत असतो. त्या दिवशी गप्प होता. ताई त्याच्या हातांकडे बघत होत्या. मी त्याच्या चेहऱ्याकडे.

तो उठला. म्हणाला, "आधी फुटला."

"नक्की?"

"नक्की. आतून तापून फुटलाय. अशा वेळी चालवणारा कितीही जागा असला तरी गाडी हातात राहत नाही."

तेव्हा त्या खुर्चीत बसल्या. पाणी प्यायल्या. टायर घरी नेववत नाही, इथेच ठेवला तर चालेल का, असं विचारलं. सुनील हो म्हणाला. आमचे जुने टायर मागच्या बाजूला साठतात आणि महिन्याकाठी भंगारवाला येऊन नेतो. तो एक टायर मात्र सुनीलने त्याच संध्याकाळी स्वतः टेम्पोत टाकला आणि भंगारवाल्याला देऊन आला.

दिवाळीनंतर शुभांगीताई पुन्हा आल्या. या वेळी मोठी गाडी, सेकंडहँड घेतलेली, आणि त्या स्वतः चालवत होत्या. घरात ताईंची दोन आणि जाऊबाईंची दोन, अशी चार मुलं शाळेला जाणारी, त्यामुळे लहान गाडीत भागत नव्हतं. शेजारच्या सीटवर महेशराव होते. दार घट्ट धरून बसलेले.

टायर ताईंनीच निवडले. असं निवडताना मी कुणाला बघितलेलं नाही. प्रत्येक टायर कधी बनला ते वाचलं, आतून बाहेरून तळहात फिरवला. वजन किती पेलेल, सिमेंटच्या रस्त्यावर किती तापेल, हवा कधी तपासायची, हे सगळं विचारलं आणि उत्तर मिळालं की तेच पुन्हा विचारलं. सुनीलने प्रत्येक वेळी पहिल्यांदाच सांगतोय असं सांगितलं.

चाकं चढली. शुभांगीताई हात धुवायला मागे गेल्या. महेशराव सुनीलच्या अगदी जवळ येऊन उभे राहिले.

"त्या दिवशी हिला जे सांगितलंत," ते म्हणाले, "ते खरं होतं?"

मी बिल लिहीत होते. पेन तसंच धरून राहिले.

सुनील फडक्याने बोटं पुसत होता. एकेक बोट पुसून झालं. मग त्याने काउंटरवरची गाडीची किल्ली घेतली आणि त्यांच्यापुढे धरली.

"एक चक्कर मारून या, दादा. गाडी एका बाजूला ओढतेय का, ते चालवणाऱ्यालाच कळतं."

महेशराव किल्लीकडे बघत राहिले. शुभांगीताई पदराला हात पुसत आल्या. त्यांनी किल्ली बघितली, नवऱ्याकडे बघितलं, आणि वळसा घालून डाव्या बाजूच्या सीटवर जाऊन बसल्या. बेल्ट लावला.

महेशरावांनी किल्ली घेतली.

गाडी दारातच एकदा बंद पडली. मग पुन्हा सुरू झाली. सुनील रस्त्यात उतरला, हात आडवा करून त्याने मागची बस थांबवली, आणि गाडी हळूहळू गर्दीत शिरली. आम्ही दोघं दुकानासमोर उभे राहिलो. बराच वेळ झाला. मी एकदा सुनीलकडे बघितलं, तो रस्त्याकडेच बघत होता.

गाडी परत आली. महेशरावांनी काच खाली केली. कपाळ घामाने डबडबलं होतं.

"ओढतेय का?" सुनीलने विचारलं.

"नाही," महेशराव म्हणाले. "सरळ जातेय."