दोरीवाली ताई आणि नकाशातल्या गुलाबी रेघा

दोरीवाली ताई बिघडलेल्या प्रिंटरकडे आधी बघतच नसे. पनवेलच्या माझ्या छपाईच्या दुकानात मी झाकणं उघडून, हात काळे करून घामाघूम बसलेला असे, आणि ही दारातूनच हुकूम सोडी, "दादा, ती बंद करा. पयला खराब कागूद दावा." मग खुर्ची ओढून तो कागद उजेडात धरून ती इतका वेळ वाची, की गिऱ्हाइकाला वाटावं, कोणाची तरी पत्रिका बघणं चाललंय.

तिची दोरी म्हणजे जाळं विणायचा नायलॉनचा धागा, मोजून गाठी मारलेला. घर उरणच्या किनाऱ्यावर, बाप दर्यावर जाणारा. ती स्वतः जासईच्या एका कंटेनर यार्डात ऑफिस झाडता झाडता प्रिंटर खोलायला शिकली. डाग ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा उमटत असेल, तर कुठला तरी रोलर फिरून तिथेच टेकतोय, आणि दोन डागांमधलं अंतर म्हणजे त्या रोलरचा घेर. दोरीवर एकेका रोलरची एकेक गाठ होती. सर्टिफिकेट मात्र नव्हतं आणि त्याची लाजही नव्हती. "बा जाल्याचा डोला बोटानं मोजायचा. त्याला कोनी शर्टिफिकीट इचारला नाय," ती म्हणे.

प्रिंटर विकणाऱ्या डीलरच्या इंजिनिअरला एकच औषध माहीत होतं: "युनिट बदला," म्हणजे रोलरांचा अख्खा संचच नवा. त्यांच्याशी माझा वार्षिक देखभालीचा करार होता, त्यामुळे मी मान डोलवायचो. एकदा रंग भुरकट यायला लागले, तेव्हा त्याने चारही टोनर बदलायला सांगितले. ताईने कागदाच्या गठ्ठ्यावर नुसता तळवा फिरवला. "उगडा ठेवता, खारा वारा पितो तो. मशीनला शिव्या कशाला?" नवा गठ्ठा फोडला आणि रंग जागेवर आले. तेव्हापासून आमच्याकडे कागद पापडांसारखा हवाबंद डब्यात राहतो.

मग तो नकाशांचा दिवस उजाडला. गावाकडचे एक अण्णा जमिनीच्या हद्दीच्या सुनावणीसाठी रंगीत नकाशे काढायला आले होते, सुनावणी दुसऱ्या दिवशी सकाळी. नकाशे निघाले, पण दर दोन-तीन बोटांवर एक आडवी गुलाबी रेघ घेऊन. अण्णांनी चष्मा पुसला. "अरं, माज्या शेतातनं हे रस्ते कोनी काडलं?" इंजिनिअरने फोनवर सांगितलं, युनिट बदलावं लागेल, आठ दिवस लागतील. अण्णांचा चेहरा बघवेना. मी ताईला बोलावलं.

तिने रेघांवर दोरी धरली. "ड्रम नाय हा. ड्रमचा घेर मोटा. ही बारकी गाठ." गुलाबी रंगाच्या युनिटमध्ये चित्र उमटवणाऱ्या मोठ्या ड्रमला चिकटून फिरणाऱ्या काळ्या रोलरवर मळाची एक आडवी पट्टी बसली होती. ओलसर मऊ फडक्याने तिने ती हळूच पुसली, रोलर सुकू दिला. पुढच्या नकाशात शेत अखंड होतं. अण्णांनी तिला वाकून नमस्कार केला, तशी ती ओरडलीच, "काय करता अण्णा, जा आता, सुनावनीची तयारी करा!"

ही वार्ता डीलरपर्यंत पोहोचली. त्यांचं पत्र आलं: बाहेरच्या माणसाचा हात लागला तर करार रद्द, खाली सही करा. मी सही केली. वर शहाणपणा असा, की ताईला म्हटलं, "इंजिनिअर नसेल तेव्हा मागच्या दाराने येत जा."

ती चिडली नाही. चिडली असती तर बरं झालं असतं. "दादा, मी काय चोरी करतंय? पुडल्या दारानं येन, नायतर येनारच नाय." आणि गेली.

सहा महिने मी युनिटं बदलत बसलो. एक डाग काही केल्या हटेना. शेवटी लाज गुंडाळून फोन केला. "येन ना," ती म्हणाली, "पन त्या सायबाला बी बोलवा. त्याच्यादेकत करीन." मी दोघांना एकाच वेळी बोलावलं. ताई पुढच्या दारातून आत आली, कागद मागितला, दोरी लावली आणि इंजिनिअरला विचारलं, "सायेब, सांगा, खंचा रोलर?" तिने मशीन उघडायला हात घातला, तसा तो माझ्यावर उखडला. "हिने हात लावला तर करार इथेच बंद!"

"करा बंद," मी म्हणालो.

इंजिनिअर बॅग उचलून निघून गेला. ताईने मानही वर केली नाही. "दादा, बॅटरी जरा हिकडं धरा, आतलं दिसत नाय," एवढंच म्हणाली. मी धरली. पुढे ती दुकानात येत होती तोवर, आठ वर्षं, धरत राहिलो.