पुस्तिकेतली आई

बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असताना माणगावच्या आमच्या कॉलेजात नोटीस बोर्डावर एक कागद लागला. विद्यार्थ्यांसाठी पाच दिवसांचं निवासी शिबिर, राहणं-जेवण मोफत, विषय व्यक्तिस्वातंत्र्य आणि सरकारी धोरणं. मी विषय वाचून गेले असं सांगायला मला आवडलं असतं. मी गेले ते 'मोफत' वाचून.

पण शिबिराने मला धरून ठेवलं. तिथले शिकवणारे म्हणत, सरकारने माणसाच्या वाटेतून बाजूला व्हावं. कोण काय विकतो आणि कोण काय विकत घेतो हा त्या दोघांचा मामला, तिसऱ्याने त्यात नाक खुपसू नये. आम्ही बौद्ध. आजोबांच्या पिढीने धर्म बदलला, तरी गावाच्या डोक्यातली आमची जागा काही बदलली नाही, आणि कॉलेजात मी पहिल्या दिवसापासून 'सवलतवाली' होते. शिबिरात पाच दिवस कुणी माझं आडनाव ऐकून वेगळं पाहिलं नाही. त्यांनी मत विचारलं आणि त्या मताशी भांडलेसुद्धा. एवढ्यावर एकोणीस वर्षांची मुलगी कुठल्याही विचाराच्या प्रेमात पडू शकते. मी पडले.

शेवटच्या दिवशी सांगितलं गेलं की प्रत्येकाने एक लेख लिहावा. निवडक लेखांची इंग्रजी पुस्तिका निघेल, आणि त्यातल्या काहींना दिल्लीच्या वादविवादाला बोलावणं येईल. फक्त तत्त्वं नकोत, जिवंत उदाहरण द्या, असं त्यांनी बजावलं. जिवंत उदाहरण माझ्या घरातच भाकऱ्या थापत होतं.

हरिहरेश्वरला जाणाऱ्या रस्त्यालगत आमचं घर. वडील गेल्यावर आईने पडवीत जेवणं सुरू केली होती. पाटीवर 'घरगुती शाकाहारी जेवण' एवढंच, नाव नाही. दर्शन करून परतणारी माणसं तिथे थांबत. कुणी आडनाव विचारलं तर आई म्हणे, "इथलीच हाय मी. भाकरी टाकू आनखी?" खोटं ती कधी बोलली नाही. आतल्या खोलीतले दोन फोटो काढून ठेव असं शेजारणीने सुचवलं, तेव्हा मात्र तिने त्या बाईशी महिनाभर अबोला धरला. फोटो राहिले भिंतीवर, आणि खोलीचं दार लोटलेलं राहिलं.

मी लिहिलं की या बाईला एक परवाना काढायला किती खेटे घालावे लागले. एका टेबलाला दुसऱ्या टेबलाचा दाखला हवा, दुसऱ्याला तिसऱ्याचा, आणि तिसरा साहेब जेवायला गेलेला. आणि शेवटी माझं लाडकं वाक्य: बाजार जात विचारत नाही, चव विचारतो. पुरावा म्हणून खाली लिहिलं की माझी आई बौद्ध समाजातली, आणि देवदर्शनाला आलेली माणसं तिच्या हातचं मागून मागून खातात.

पुस्तिका आली. सहाव्या पानावर माझा लेख आणि चुलीपुढे बसलेल्या आईचा फोटो. आई मराठी वाचते, इंग्रजी नाही. "काय लिवलंयस गो?" तिने विचारलं. मी म्हटलं, "तुझ्या जेवणाचं कौतुक." तिने पुस्तिकेला प्लॅस्टिकचं कव्हर घातलं, पडवीत पाण्याच्या पिंपाशेजारी ठेवली, आणि येईल त्या गिऱ्हाइकाला दाखवू लागली. लोक फोटो बघत, छान म्हणत, जेवून जात. इंग्रजी वाचायची तसदी कुणी घेतली नाही, आणि मीही ती पुस्तिका तिथून उचलली नाही.

घाटावरच्या एक आजी दर श्रावणात भाड्याच्या गाडीने मुलगा-सुनेला घेऊन यायच्या. आईच्या हातच्या वालाच्या बिरड्यावर त्यांचा भारी जीव. आईला त्या "माझी कोकणातली लेक" म्हणत, आणि आई त्यांच्यासाठी चांगली आमसुलं निवडून बाजूला ठेवी. त्या श्रावणात त्या आल्या, पाय धुऊन पाटावर बसल्या, आणि आईने पुस्तिका त्यांच्या हातात दिली. "आजी, माज्या लेकीनं लिवलंय. ह्यो बगा माजा फोटू."

सून इंग्रजी शाळेत शिकवायची. "वाचून दाखव गं," आजी म्हणाल्या. मी बिरड्याचं पातेलं घेऊन दारात उभी होते. तेव्हाच पुढे होऊन पुस्तिका काढून घेता आली असती. मला काय वाटत होतं सांगू? ही बाई माझ्या इंग्रजीचं कौतुक करेल असं वाटत होतं. आजही ते आठवलं की मला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

सून वाचत गेली, मराठीत सांगत गेली. परवान्याच्या हेलपाट्यांना आजींनी मान डोलावली. शेवटच्या परिच्छेदाशी सून थांबली, मनात वाचलं, आणि सासूच्या कानाशी वाकली.

आजी आईकडे बघत राहिल्या. "खरं का गं हे?"

"काय खरं?" आईने विचारलं. मग तिने माझ्याकडे पाहिलं. मी पातेलं खाली ठेवलं.

"आधी सांगायचंस ना, पोरी," आजी म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं. "आज माझा उपास आहे असं धर." त्या उठल्या, मुलगा-सून उठले, गाडी निघून गेली. आमसुलांची पिशवी पाटाजवळच राहिली.

आईने ताटं उचलली, भात परत पातेल्यात टाकला आणि म्हणाली, "वाच आता. सगलं." मी पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत मराठीत सांगितलं. ती नीट ऐकत होती.

"ह्यात खोटं काय न्हाय," ती म्हणाली. "पन हे माजं हाय. मला इचारायचंस."

"मी तुझ्या बाजूनेच लिहिलं होतं, आई."

"माज्या बाजूला असतीस तर आदी मला वाचून दावलं असतंस."

दुसऱ्याचं जे आहे ते त्याच्या संमतीशिवाय घ्यायचं नाही, हा शिबिराचा पहिल्या दिवसाचा पहिला धडा होता. मी तो वहीत लाल शाईने अधोरेखित केला होता.

आजींनी कुणाला सांगितलं की त्यांच्या ड्रायव्हरने, कळलं नाही. गाड्या मात्र कमी होत गेल्या, मग थांबायच्या बंद झाल्या. दिवाळीनंतर आई किनाऱ्यावरच्या एका लॉजच्या स्वयंपाकघरात जाऊ लागली. तिथे पाटीवर मालकाचं आडनाव आहे आणि भाकऱ्या आईच्या असतात. पर्यटक त्या मागून मागून खातात.

आणि मला दिल्लीचं बोलावणं आलं. मी जाणार नाही म्हटलं तर आई चिडली. "जा. तुजं तू कर. फकस्त माजं नको सांगू थितं." मी तिचा हात हातात घेऊन कबूल केलं.

वादविवादाचा विषय होता, भेदभाव मिटवायला कायदा हवा की खुला बाजार पुरेसा आहे. मी बाजाराच्या बाजूने बोलत होते. समोरची मुलगी तयारीची होती. तिने मला सरळ विचारलं, बाजाराने जात पुसली असं एक, फक्त एक उदाहरण दे. माझ्याकडे उदाहरण होतं, आणि ते कुठे संपतं हेही मला ठाऊक होतं. मी सांगायला सुरुवात केली. पडवी, पाटी, बिरडं, घाटावरच्या आजी, "माझी कोकणातली लेक." तिथे मी थांबले. टाळ्या थांबेनात.

पहिलं बक्षीस मला मिळालं आणि उन्हाळ्यातली इंटर्नशिपही. ती मुलगी नंतर येऊन म्हणाली, तुझ्या आईच्या हातचं जेवायला एकदा यायचंय. मी म्हटलं, "ये ना."

घरी पोचले तेव्हा आई नुकतीच लॉजवरून आली होती. तिने करंडक हातात घेतला, फिरवून बघितला.

"माजं न्हाय ना सांगितलंस?"

"नाही."

"मग कुनाचं?"

"पुस्तकातल्या एका बाईचं."

"बरं केलंस," आई म्हणाली. "पुस्तकातल्या बाईला काय लागत न्हाय."

खरं काय ते मी तिला अजून सांगितलेलं नाही. हे मराठीत लिहिलं आहे, कारण मराठी तिला वाचता येतं.