च्याओवहिनींनी पुन्हा बांधलेले पाय

आमच्या गल्लीतल्या च्याओवहिनी प्रार्थनेत सगळ्यांपेक्षा मोठ्याने गातात. त्यांच्या नातीचे, लान्हुआचे, लग्नासाठी लहान राहावेत म्हणून पट्ट्यांनी बांधलेले पाय ख्रिस्ती मिशनच्या बाईंनी पोटतिडकीने सोडवले होते. जपानी सैन्य जवळ आलं, डोंगर ओलांडून पळायचं ठरलं, तशा वहिनींनी ते पुन्हा आवळले. आज पट्ट्यांतून पू गळत होता. मी वहिनींना विचारलं,

"अहो, उद्या पोर चालणार कशी?"

"गाढवावर बसेल. परक्या गावात मोठ्या पायांची नवरी कोण करून घेईल?"

"गाढवं आपल्याच सैनिकांनी नेली, वहिनी!"

"मग घे तुझ्या पाठीवर. प्रभू आशीर्वाद देईल तुला," त्या हसल्या.

मी पोरीला मांडीवर घेतलं आणि पट्ट्या कात्रीने कापल्या. वहिनी शिव्या देत राहिल्या. प्रभो, क्षमा कर, पण या बाईची मला किळस येते. उद्या लान्हुआ माझ्याबरोबर चालेल.