इस्त्री उभी राहते तेव्हा

माझी आत्या शाळेत इंग्रजी शिकवायची. निवृत्तीनंतर माणसं बागकामाला लागतात. ती इस्त्रीला लागली. घरचे कपडे संपले की शेजाऱ्यांचे मागवायची. आणि इस्त्री करता करता पोरांचे प्रवेशाचे निबंध ऐकायची. आपण किती थोर आहोत हे अनोळखी कॉलेजला इंग्रजीत कळवायचं, असा हा वाङ्मयप्रकार. थोरवी कमी पडली की पोरं शब्दांची भर घालतात.

वाचणाऱ्याने खिडकीशी उभं राहायचं. आत्या त्याच्याकडे पाठ करून इस्त्री फिरवणार. शब्द चुकला की इस्त्री टेबलावर उभी राहायची. खट्. 'अफेक्ट' आणि 'इफेक्ट' ही जुळी भावंडं तिला नुसत्या चाहुलीने ओळखू येत. कागद ती हातात घेत नसे. चुकलेल्या शब्दाच्या जागी योग्य शब्दही सुचवत नसे. "भांडताना आठवत नाही तो शब्द आपला नव्हे," एवढं म्हणायची आणि कॉलर पालथी करायची.

एका दुपारी लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या मेकॅनिकची मुलगी आली. इंजिनिअरिंगच्या ज्या कॉलेजात फी माफ होणार होती, तिथे संध्याकाळपर्यंत निबंध पाठवायचा होता. ते हुकलं तर "पुढच्या वर्षी बघू" असं बाप म्हणाला होता, आणि या वाक्याचा अर्थ प्रत्येक घरात एकच असतो. मी कोपऱ्यात पेपर वाचत होतो, म्हणजे धरून बसलो होतो.

निबंध असा: एका इमारतीत लिफ्ट अडकली, आत एक म्हातारी. बाप वर मशीनच्या खोलीत, आणि मुलगी बंद दाराशी. तिने म्हातारीला निर्भयपणे धीर दिला. या 'निर्भयपणे'साठी तिने कुठून कुठून तीन भारदस्त शब्द आणले होते. त्यातला एक तर बेफिकिरीचा निघाला.

खट्.

मुलीने तो शब्द खोडला, दुसरा घातला. खट्. तिसरा. खट्. संध्याकाळ काही आपल्यासाठी थांबत नाही, असं तिच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं.

"इंग्रजी ठेव बाजूला," आत्या मागे न वळता म्हणाली. "काय झालं ते सांग."

मुलीने कागदाची घडी घातली. मग तिने सांगितलं. बापाने बजावलं होतं, आतल्या माणसाशी बोलत राहा. पण तिच्या तोंडून शब्दच फुटेना. ती दाराला टेकून रडायला लागली. ते आत ऐकू गेलं, आणि अंधारात अडकलेली म्हातारी बाहेरच्या मोकळ्या मुलीला म्हणाली, "रडू नको गं बाळा. निघते मी." मग लिफ्ट हलेपर्यंत म्हातारीच बोलत राहिली, हिचं नाव, हिची शाळा, सगळं विचारून घेतलं.

मी पेपर खाली ठेवला. आत्याला लिफ्टमधलं ओ की ठो कळत नव्हतं. तरी सबंध पानातली जी एकच गोष्ट घडली नव्हती, तिच्यावर तिने तीनदा बोट ठेवलं होतं, तेही पाठमोरी.

"पण आत्या, हे लिहिलं तर मी भित्री दिसेन."

"नुसतं छान दिसायचं असेल तर फोटो पाठव." मग आत्या वळली. असं ती क्वचितच करायची. "तुझे शब्द चुकत नव्हते, बाळ. जे तू केलंच नाहीस त्याला नाव शोधत होतीस. हाताला लागेल ते उचललंस."

मुलगी जमिनीवर बसून लिहायला लागली. शब्द साधे, बहुतेक शाळेतलेच. आत अडकलेल्या माणसाला बाहेरचा आवाज नीट पोचेल अशी लिफ्ट आपल्याला बनवायची आहे, हे पहिल्या निबंधात कुठेच नव्हतं. आता ते आपसूक आलं. उन्हं उतरली तेव्हा ती उठली आणि खिडकीशी जाऊन वाचू लागली.

इस्त्री उभी राहिली नाही. म्हातारी बोलली तिथेही नाही, लिफ्ट हलली तिथेही नाही. शेवटचं वाक्य संपलं तरी खट् झालं नाही, तेव्हा आम्ही दोघांनी टेबलाकडे पाहिलं. धूर येत होता. आत्याचा हात इस्त्रीवर होता, इस्त्री उशीच्या अभ्र्यावर होती, आणि दोन्ही केव्हापासून तिथेच होती देव जाणे.

"पाठव," आत्या म्हणाली.

मुलीला प्रवेश मिळाला. तो अभ्रा आत्या अजून वापरते, जळकी बाजू वर करून.